गौरवीचा मेजर आणि डावा कौल

लाटंबार्से गावात विहीर खणायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं, आधी ग्रामदेवाला विचारायचं ही रीत. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण पोरीने कॉलेजात मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घ्यावा, हे विचारायची पाळी देवावर पहिल्यांदाच आणली ती बाबलीने.

त्याच्या गौरवीला भूगर्भशास्त्र हवं होतं. बाबलीने ऐन उमेदीची वर्षं खनिजाचा ट्रक हाकला. सुट्टीत शेजारी बसवून पोरीलाही खाणीवर न्यायचा. तिथले लाल, पिवळे, काळे थर बघून तिला जे वेड लागलं ते सुटलंच नाही. पुढे खाणी बंद पडल्या, तो शाळेची बस चालवू लागला आणि मातीचं नाव निघालं की त्याचं डोकं फिरायचं.

"नर्सिंग कर गे. मातयेन आमचें कितें बरें केलां?"

वाद मिटेना, तेव्हा देव म्हणेल तसं, असं ठरलं. गौरवीही लगेच हो म्हणाली. देव आपल्याच बाजूने बोलणार याची तिला खात्री. वेडीच ती! भूगर्भशास्त्र घ्यावं का, असं पुजारी कृष्णनाथने गाऱ्हाणं घातलं, पाऊण तास सगळे टक लावून बसले आणि डावी पाकळी टपकन खाली आली.

दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख होती. गौरवीने भूगर्भशास्त्रच भरलं आणि कागद बापापुढे धरला. तो ओरडेल म्हणून ती छातीठोक उत्तरं जुळवून उभी होती. त्याने सही केली आणि तो हात धुवायला गेला.

पहिल्याच यादीत तिचं नाव लागलं. डिचोलीच्या बसस्टँडवर तिने मोबाइलवर ते तीनदा वाचलं आणि घरी फोन लावला. आई म्हणाली, "बरें जालें. येतना पोदेराकडले उंडे हाड." एवढंच. त्या दिवशी ती पाववाल्याकडून उंडे घेऊन आली, पेढे आणायचं तिला सुचलंही नाही.

घरात कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं की निदान बोलणं होतं. इथे कोणी अवाक्षर काढेना. आईचा पाय मुरगळला, गाय आटली, की सगळ्यांचे डोळे क्षणभर तिच्याकडे वळायचे आणि पुन्हा ताटाकडे. कॉलेजातही गट आधीच पडले होते. ती जिन्यात बसून एकटीच डबा खायची. पहिल्या सहलीत मुलांनी खडकांचे फोटो घरी धाडले. गौरवीनेही काढले, पण पाठवणार कुणाला? इतकं एकटं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

पहिल्या परीक्षेआधी ती देवाची क्षमा मागायला गेली. कृष्णनाथ दिवा सारखा करत होता.

"तुजो बापूय दर सोमारा येता, खबर आसा?" तो म्हणाला.

"कित्याक?"

"तोच कौल मागूंक. एकदां दिल्लो कौल परत मागूं नये, हांवें कितलें सांगलें, आयकना. सात सोमार जाले."

"आनी?"

"दरखेपे डावीच." कृष्णनाथने मान हलवली. "म्हणटा, एक उजवी पडूं दी, मागीर पोरीक कॉलेजाचें विचारतलों."

गौरवीला रडू आवरेना. बाप रागावलाय असं धरून ती तीन महिने कुढत होती, आणि तो बिचारा देवाच्या दारात तिच्यासाठी हट्ट धरून बसला होता.

घरी आली तेव्हा बाबली पायरीवर बसला होता. तिला बघून तो बाजूला सरकला.

"जेवलें?" त्याने विचारलं.

आठव्या सोमवारची वाट बघणं तिच्याच्याने होईना. ती शेजारी बसली आणि आपणहून सांगू लागली: सहलीत आमोण्याला नदीकाठी सरांनी काय दाखवलं, खडकाचं वय कसं ओळखतात, जिन्यात डबा खाताना कसं वाटतं, तेसुद्धा. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. विचारायची देवाने परवानगी दिली नव्हती. पण आईने आतून दोनदा जेवायला हाक मारली, तरी तो उठला नाही.