सायलीच्या पाठाला माझा मायक्रोमीटर

मित्रांनो, जिच्यावर माझा जीव आहे त्या सायलीचा आज बजाजनगरच्या शाळेत बी.एड.च्या परीक्षेचा पाठ होता, मोजमापावर. मी कॉलेज अर्धवट सोडून कंपनीत लागलेला. तिनं मला मायक्रोमीटर घेऊन बोलावलं.

पोरं त्यानं आपापल्या केसाची जाडी मोजत होती. मागं बसलेले परीक्षक म्हणाले, "मॅडम, हे पुस्तकात कुठंय?"

माझं डोकं सटकलं, मी उठलोच. सायली म्हणाली, "तू खाली बस."

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी बोलली, "सर, माझे पप्पा कंपनीत रोज हेच करतात. मग पुस्तकात का नाय?"

परीक्षकांनी पेन ठेवला, स्वतःचा एक केस उपटला आणि म्हणाले, "आण इकडं."

पाठ पास.

कॉलेजात मी कुणाचं ऐकलं नाय, आज तिच्या एका शब्दावर बसलो. तुमच्या घरच्यांचं काम तुमच्या पुस्तकात कधी आलं होतं का?