बिनगाठीचे कोट

माझ्या सासूबाईंना, म्हणजे तोमेबाईंना, शिवण येत नाही असं म्हणणारा माणूस आमच्या योत्सुगी वस्तीत जन्माला आला नव्हता. माझी तक्रार ती नाहीच. तक्रार ही, की टाका घालताना त्या सगळं शास्त्रही त्यात घालत.

पुढे जगभरच्या पोरींनी जिच्यासाठी दुकानात फतकल मारली ती बार्बी, तिचे पहिलेवहिले कपडे आमच्या जपानी गल्लीतही शिवले गेले. तेव्हा तिचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. वीतभरापेक्षा जरा उंच अशी एक अमेरिकन बाई, एवढंच. बेतलेले तुकडे घेऊन कंपनीचा माणूस नागुमो सायकलवरून यायचा आणि शिवलेले कपडे घेऊन जायचा. माझ्या नवऱ्याची फॅक्टरी बंद पडली होती, चूल याच कामावर पेटत होती.

त्या हिवाळ्यात कोट आले. पहिला गठ्ठा नागुमोनं तसाच परत आणला.

"आजी, नमुना बघितलात ना? समोरची उजवी बाजू डावीच्या वर यायला हवी. तुम्ही सगळीकडे डावी वर घेतलीय."

"किमोनोची डावीच वर असते," सासूबाई म्हणाल्या. "उजवी वर मढ्याची."

"अमेरिकेत बायका असेच कोट घालतात."

"मग त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

नागुमो माझ्याकडे वळला. "वहिनी, पुढच्या खेपेला असं झालं तर काम पलीकडच्या गल्लीत जाईल. माझाही नाइलाज आहे."

तो गेल्यावर मी ताडताड बोलले. "आई, बाहुली आहे ती. तिला ना जन्म, ना मरण."

"ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, आणि अंगावर मढ्याचा पेहराव. तुला काहीच वाटत नाही?"

"मला भूक लागते, एवढंच कळतं."

दुसऱ्या गठ्ठ्याला त्या मुकाट बसल्या. उजवी बाजू वर, अगदी नमुन्याबरहुकूम. मला हायसं वाटलं. सासूबाई निमूट ऐकतात तेव्हा जास्त सावध राहावं, एवढी अक्कल मला इतक्या वर्षांत यायला हवी होती.

नागुमो यायच्या दिवशी सकाळी घड्या घालताना एका कोटाची बाही माझ्या हातात आली. मग दुसऱ्याची. टाके मोत्यासारखे, पण दोऱ्याच्या टोकाला गाठच नाही. एकाही कोटाला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्यात प्रेताचं वस्त्र बिनगाठीचं शिवतात, जीव इथं अडकून राहू नये म्हणून.

"उजवी वर हवी म्हणालात ना," त्या म्हणाल्या. "मग ते असंच शिवायचं असतं. अर्धं जिवंताचं, अर्धं मेलेल्याचं मला जमत नाही."

मी सुई घेतली आणि एकेका कोटाला गाठी मारत सुटले. हात चालला होता तसं तोंडही. "अख्खं घर उपाशी मरू दे, पण तुमचं शास्त्र मोडायला नको. जीव अडकला तर अडकू दे, अमेरिकेत जाऊन अडकेल."

"सुमिएच्या अंगावर काही घालायला मिळालं नाही," त्या म्हणाल्या.

सुमिए माझी नणंद. युद्धात आगीचे बाँब पडले तेव्हा गेली. नदीकाठी दिवसचे दिवस शोधून सासूबाई रिकाम्या हातांनी परतल्या होत्या. त्यानंतर हे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

"कुणीतरी उजवी वर मागतंय, तर एक तिच्यासाठी शिवावं म्हटलं. मग थांबवेना."

माझा राग गेला नाही. उलट वाढला, कारण आता तो काढायचा कुणावर? "आधी सांगायचं होतंत," एवढंच मी पुटपुटले. त्यांनीही सुई ओवली आणि समोर बसून गाठी मारायला लागल्या. शेवटचा पांढरा कोट मात्र त्यांनी उचलला, गाठ न मारता घडी घातली आणि बाजूला ठेवला. मी बघितलं न बघितलंसं केलं.

नागुमोनं बाह्या ओढून पाहिल्या, मान डोलावली, आणि मोजले. एक कमी भरला.

मी काहीतरी थाप मारणार, एवढ्यात सासूबाईंनी चटईला कपाळ टेकवलं. "माझ्या हातून जळला. इस्त्री धरवत नाही हल्ली."

"वय झालं आजी तुमचं," नागुमो म्हणाला. "बारीक काम आता वहिनींनाच करू द्या."

त्यांच्या हाताला नावं ठेवणारा तो पहिलाच. मी त्याला चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझा गुडघा दाबला.

"खरंय," त्या म्हणाल्या. "आता नाही जमत."

कोट तेव्हा त्यांच्या किमोनोच्या बाहीत होता.