खडवलीहून तंबू उठले तेव्हा

कल्याणला आमच्या ओट्यावर जुनी मंडळी जमली, की कुणीतरी म्हणतंच, "नाना, खडवलीचं सांग ना!" आता कुठलं सांगू? एक असेल तर सांगावं! चित्रशाळेत काय शिकलो ते पार विसरलो, पण नदीकाठचा तो हिवाळा डोक्यातून जात नाही. खोटं कशाला बोलू, जीव तिथंच अडकलाय माझा.

आमचे गोरे साहेब मास्तर आम्हा तिघांना रानातले देखावे काढायला खडवलीला घेऊन गेले होते. मी कल्याणचा, केशव आणि फ्रान्सिस ठाण्याचे. लांबून आगगाडीची शिटी ऐकू यायची, बाकी सगळा शुकशुकाट. सुरुवातीला आम्ही नुसते कुरकुरत होतो. गंमत सगळी निघायच्या आठवड्यातली!

*

तंबू दोन, पण चुली तीन! मी ब्राह्मण, केशव सोनार, फ्रान्सिस किरिस्ताव. कोण कुणाच्या हातचं खाणार? हिवाळाभर तिघं तीन दिशांना तोंडं करून धूर खात बसायचो.

शेवटच्या आठवड्यात माझं पीठ संपलं, केशवचं सरपण भिजलं. फ्रान्सिसच्या चुलीवर मात्र नदीतली मासळी रटरटत होती. केशव आधी सरकला. दुसऱ्या दिवशी मीही सरकलो. फ्रान्सिसनं काही न विचारता पत्रावळ पुढे केली.

"अरे, घरी कळलं तर?" मी म्हणालो.

केशव म्हणाला, "आधी काटा काढ, मग घाबर!"

*

साहेब रोज समोरचा एकच डोंगर रंगवायचे आणि दिवस कलला की सगळा रंग खरवडून टाकायचे. आम्ही चक्रावलो. एवढा मोठा चित्रकार आणि डोंगर जमेना?

केशवला कुठे गप्प बसवतंय! "साहेब, डोंगर चुकतो का?"

साहेब आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "डोंगर ठीक. पुरा झाला तर जावं लागेल."

त्या दिवशी आम्ही तिघांनीही आपापली चित्रं अर्धीच ठेवली.

*

झाडं काढून काढून कंटाळा आला होता. माणूस काढायचा, पण गावातलं कुणी समोर बसेल तर शपथ! चित्र काढलं की आयुष्य कमी होतं, ही तिथली पक्की समजूत. मग मी पाटलांना गळ घातली. "अहो पाटील, तुमच्यासारखा रुबाबदार माणूस पंचक्रोशीत नाही!"

पाटील मिशीवरून हात फिरवत विचारात पडले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना घेऊन हजर!

"ह्यांचं काढा. जमलं तर दोन-तीन काढा!"

*

आम्हाला दूध घालणारी ठकूबाई तिथंच उभी होती. केस पिकलेले, पाठीत वाकलेली. घाटात आगगाडीचा रस्ता होत होता तेव्हा तिचा नवरा कामाला गेला आणि पटकीनं तिकडंच गेला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

आम्ही हसत होतो, ती हसली नाही. फ्रान्सिसला म्हणाली, "मेलेल्याचं काय कमी व्हायचं हाय? माझ्या धन्याचं काढ रे बाबा. हल्ली त्याचं तोंड आठवत नाय मना. आठवाया बसले की दुसऱ्याचंच येतं. तुम्ही गेलात की कोण काढून देईल?"

फ्रान्सिस "हो" म्हणून बसला. न पाहिलेला माणूस काढायचा! आम्ही त्याला वेड्यात काढलं.

*

"नाक कसं होतं?" फ्रान्सिसनं विचारलं.

"चांगलं होतं."

"आणि डोळे?"

"माझ्याकडं बघायचे तसे!"

फ्रान्सिसनं कपाळाला हात लावला. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की नाक धाकट्या दिराचं आहे, अगदी तसंच. दिराला बोलावलं. आला बिचारा, पण घाबरलेला. तोंडाला पंचा गुंडाळून नाक तेवढं बाहेर ठेवून बसला.

"नाकापुरतंच काढा! वहिनीसाठी तेवढं आयुष्य गेलं तर जाऊ दे!"

ठकूबाई फ्रान्सिसच्या मागे उभी. भुवया जाड कर, ओठ जरा हसरे कर. फ्रान्सिस पुसायचा, पुन्हा काढायचा. तीही दूध घालायचं विसरायची. आम्ही कोरा चहा पीत होतो, पण कुणी तक्रार केली नाही.

*

निघायचा दिवस. तंबू गुंडाळले, बैल जुंपले. कल्याणहून आगगाडी पकडायची होती, साहेब घड्याळ हातात धरून उभे. फ्रान्सिसनं चित्र आणून ठकूबाईसमोर धरलं. कंबरेपर्यंतचा ताठ, हसरा, काळ्याभोर केसांचा जवान.

ती बघतच राहिली. मग पटकन पदर ओढून तिनं आपले पांढरे केस झाकले आणि तोंड फिरवलं.

"चुकलं का गं बाय?" फ्रान्सिसचा चेहरा उतरला.

"नाय रे. तोच हाय. पण हा पोर, नि मी अशी म्हातारी. ह्याच्यासमोर उभी कशी राहू?" मग हळूच म्हणाली, "केस पिकव की जरा त्याचे."

साहेबांना मराठी बेताचीच, पण त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.

फ्रान्सिसनं बांधलेली पेटी उघडली. पांढरा रंग काढला, मिशीला लावला, कानशिलावर लावला. "पुरे?"

"अजून."

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, आपली एक बट सोडवून चित्राजवळ धरली. "एवढे."

फ्रान्सिसनं बटेकडे बघत बघत रंग जुळवला. ठकूबाई दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी करून तिनं नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली,

"आता पाठीत वाकव थोडा. मी एकलीच वाकलेली बरी नाय दिसत!"