दामोदर ड्रायव्हरची गाडी

सायकलला दोन कुलपं लावायचा आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच कड्यात अडकवायचा. फोन ठेवण्यापूर्वी तीनदा ‘बरं’ म्हणायचा. सुपरमार्केटात कोथिंबिरीची कुंडी उचलून हुंगायचा आणि परत ठेवायचा. हा कोथिंबिरीचा फोटो आहे, म्हणायचा. कुणाकडे गेला की निघतो म्हणून उठायचा आणि मग दारात उभा राहून खऱ्या गप्पा सुरू करायचा. माझ्या वाचनाला हसायचा. पुस्तकं मात्र मागून न्यायचा.

सुबोध. नेदरलँड्समधल्या नायमेखनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मराठीत एम.ए. झालेली होते आणि त्याचा इथे कुणाला काही उपयोग नव्हता. पहिला हिवाळा त्याने आणि त्याच्या बायकोने, रूपालीने, मला सांभाळलं. नगरपालिकेची डच पत्रं तोच वाचून दाखवायचा.

त्याला एक गोष्ट सलत होती. मुलगी, कीर्ती, आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं. उत्तर डचमध्ये यायचं. तो रागावत नसे. एकदा जिन्यात मला म्हणाला, “म्हातारपणी माझं डच आधी जाईल गं. मग ही माझ्याशी बोलणार कशी?”

२०२०च्या फेब्रुवारीत, शाळेच्या सुट्टीत, तिघं ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीहून भाड्याची गाडी घेऊन आतल्या भागातून ॲडलेडपर्यंत. स्टिअरिंग पुन्हा उजवीकडे येणार म्हणून तो खूश होता. तिथलं मला त्याच्या व्हॉइस मेसेजमधून कळलं, बाकीचं नंतर रूपालीने सांगितलं.

शेवटच्या दिवसांत रस्ता अगदी सरळ होता. दोन्हीकडे लाल माती. मध्येच एखादी पवनचक्की, एखादी पाण्याची टाकी. नेटवर्क नव्हतं. कीर्ती मागे बसून कंटाळली होती. तेव्हा त्याने गोष्ट सुरू केली.

सांगोल्याचा दामोदर ड्रायव्हर डाळिंबं भरून वाशी मार्केटला निघाला. डुलकी लागली, एका फाट्यावर चुकीचा वळला, तो थेट ऑस्ट्रेलियात. आता डाळिंबं नासायच्या आत वाशी गाठायची होती. पेट्रोल पंप आला की दामोदर नुकताच तिथून गेलेला असे. रस्त्यात टायरचा तुकडा दिसला की तो त्याचाच.

कीर्तीने डचमध्ये विचारलं, तो कुणाला रस्ता का विचारत नाही. सुबोध म्हणाला, विचारतो की, पण त्याला मराठीशिवाय काही कळत नाही. तूच सांग त्याला.

 मग एक फाटा आला. कीर्तीने काच खाली केली आणि बाहेर तोंड काढून म्हणाली, “दामोदरकाका, तिकडे नाही. डावीकडे.”

 सुबोधने आपलीही गाडी डावीकडे घेतली. ॲडलेड उजवीकडे होतं. रूपाली म्हणते, तासभर आम्ही चुकीच्या रस्त्याने गेलो आणि कुणालाच वळवावंसं वाटलं नाही.

त्यानंतर ती थांबली नाही. मोडकंतोडकं, क्रियापदं उलटीसुलटी. दामोदरला नकाशा समजावायची, झोपू नको म्हणून दम द्यायची. सुबोधचा मेसेज आला. “बोलते गं ती. पण आता पंचाईत अशी, की दामोदर वाशीला पोचला की ही पुन्हा डचवर जाईल. म्हणून मी त्याला पोचवतच नाहीये.” मी त्याला चिडवलं, मालिकावाल्यांसारखं पाणी घालू नकोस. तो म्हणाला, पाणी नाही, डिझेल घालतोय.

विमानतळावर गाडी परत देताना कीर्तीने विचारलं, पुढे काय. उरलेली घरी गेल्यावर, असं ठरलं.

घरी आल्यावर तो रोज थोडी थोडी सांगत होता. दामोदर अजून ऑस्ट्रेलियातच होता. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या. त्याच आठवड्यात सुबोधला ताप आला. डॉक्टर फोनवरच बोलले. काही दिवसांनी ॲम्ब्युलन्स आली. मी जिना उतरायला लागले, तर रूपालीने खालूनच हाताने थांबवलं.

हॉस्पिटलमध्ये कुणाला सोडत नव्हते. व्हेंटिलेटरवर ठेवण्याआधी नर्सने त्याच्यासमोर टॅबलेट धरला. कीर्तीने विचारलं, “बाबा, दामोदरकाका कुठे आहेत आता?”

“पंपावर चहाला थांबलेत.” त्याला दम लागला. “पाणी ठेवलंय. उद्या सांगतो.”

एप्रिलच्या सुरुवातीला तो गेला. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मी लॅपटॉपवर पाहिला. मध्ये दोनदा चित्र अडकलं.

कीर्ती बोलेनाशी झाली. डचही नाही, मराठीही नाही. मे महिन्यात बाहेर भेटता येऊ लागलं तेव्हा रूपाली म्हणाली, “तू हेच शिकलीस ना? तेवढी गोष्ट संपव. पोचव त्या माणसाला.”

इमारतीमागच्या हिरवळीवर आम्ही अंतर ठेवून बसलो. मी तयारी करून गेले होते. सुरुवात केली. दामोदरने चहा घेतला, पैसे दिले, गाडीत बसला, किल्ली फिरवली.

कीर्ती गवत उपटत ऐकत होती. मग तिने मान हलवली.

“नाही मावशी,” ती मराठीत म्हणाली. “पाणी अजून उकळलं नाही.”

मी थांबले. दामोदर त्या पंपावरच आहे. डाळिंबं गाडीत आहेत. वाशी गाठायची राहिली आहे.