आमच्याच पानावर शून्य
इस्लापूरची सकाळची गाडी बंद करायचं वरून घाटत होतं. त्याच गाडीनं पोरी हिमायतनगरला कॉलेजात जातात. सोमवारी रेल्वेच्या साहेबांसमोर बैठक होती. गाडी वाचवायच्या सह्यांसाठी आम्ही कार्यकर्त्यांनी इंटरनेटवर एक पान काढलं. वर ठळक अक्षरांत एकूण सह्या. नांदेडात माझ्या मोबाइलवर आकडा रोज वाढत होता.

तेवढ्यात इस्लापूरहून एका पोरीच्या आईचा फोन आला. "दादा, पानावर सह्या शून्य! गल्लीनं केल्या त्या खाल्ल्या का तुम्ही? लोक म्हणून राहिलेत, ह्यांनाच कुणीतरी फोडलं. सोमवारी कुणी येणार न्हाई."

मला संशय आला तो पान बनवणाऱ्या ताईचा. ती लातूरच्या दुकानदारांच्या वेबसाइट करते. आणखी कुणाकुणाची कामं घेते कोण जाणे. फोनवर माणूस सावरून घेतो, म्हणून सरळ लातूर गाठलं.

"शून्य कुणी टाकलं?"

"मीच."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"अहो, गाडीत रुमाल टाकून जागा धरतेत न्हाई का? तसं. खरा आकडा आला की शून्य उठणार."

ते उठवायचं काम मात्र तिनं बघणाऱ्याच्या मोबाइलवर सोडलेलं. पानामागून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, येणार, मग ती जिथं सह्या साठतात त्या सर्व्हरला आकडा विचारणार. इस्लापूरच्या तुटक रेंजमध्ये ती पोचतच नव्हती.

मी भडकलो. "पत्रक छापून हातात देतात, ताई. जागा सोडून 'आकडा तुम्हीच भरा' म्हणत नाहीत!"

"बरं, सर्व्हरवरच छापते."

मग पान तिकडून निघतानाच आकडा घेऊन निघायला लागलं. तिनं स्वतःच्या मोबाइलवर स्क्रिप्ट बंद करून दाखवलं, तरी आकडा दिसत होता. मी माझ्याही मोबाइलवर बंद करून बघितलं. माझा अजून विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी इस्लापूरला त्या फोन करणाऱ्या बाईंच्या घरी गेलो. त्यांच्या मोबाइलवर आकडा दिसला.

"काल शून्य, आज एवढं. कोणतं खरं?" त्या म्हणाल्या. "म्हणून मी सही केलीच न्हाई अजून."

"मग आत्ता करून बघा," मी म्हणालो. त्यांनी लेकीच्या मोबाइलवरून सही केली. नजर स्वतःच्या मोबाइलवर. आकडा जागचा हलला नाही.

"बघा! खाल्ली!"

"मावशी, हे पान मघाचं आहे. निघालं तेव्हाचा आकडा त्यात. पुन्हा उघडा."

उघडलं. एक वाढला होता. त्यांनी शेजारणीला हाक मारली, तिला सही करायला लावली, परत उघडलं. आणखी एक.

"सोमवारी किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.