ट्रकमधून अकोल्याशी पहिलं बोलणं

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास मी कामरगाव-कारंजा रस्त्यावर ट्रक चालवत असे. हौशी रेडिओचा परवाना होता, म्हणून बोलण्या-ऐकण्याचा संच मी ट्रकमध्येही बसवून घेतला. पण ट्रकमधून आवाज कुठवर पोचतो, हे अजून कळायचं होतं. अकोल्याच्या एका हौशी रेडिओवाल्या मित्राशी सकाळी नऊची वेळ ठरवली.

त्या दिवशी मागे कापूस होता आणि शेजारी कापसाचे व्यापारी शेठ. नऊच्या आधी मी संच लावायची कामं एकेक करून उरकली. ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं, कारण ते चालू असलं की संचात नुसती खरखर येई, आणि संचाची एरियलची तार बाभळीवर टाकली.

"काहून थांबले भाऊ? मले बाजार गाठाचा हाय."

"दहा मिनिटं, शेठ."

तीन हाका वाया गेल्या. चौथ्या हाकेला मित्राचं उत्तर आलं: तुझा आवाज खणखणीत येतोय. मी वहीत वेळ आणि ठिकाण टिपलं.

शेठ सरसावले. "त्यायले इचारा, तिकडं कापसाचा भाव काय हाय?"

"धंद्याचं बोलायला परवान्यात मनाई आहे."

"मंग बोलता काय?"

"आवाज कसा येतो, ते."

"म्हंजे तुमी इचारता आयकू येते का, अन् तो सांगते येते. झालं?"

"झालं."

शेठ हसत उतरले आणि इंजिन सुरू करायला स्वतःच हँडल मारायला लागले. बाजारात उशीर झालाच. तिथे ते दोघा-तिघांना सांगत होते, "आमचा आवाज अकोल्यात खणखणीत गेला."