पाचव्या गॅलनचा चोर

कारखान्यातलं व्हार्निश कोठीवाल्या मावशींनीच पळवलं, ही बातमी बुधवारी दुपारी गल्लीत आली आणि संध्याकाळपर्यंत तिला हातपाय फुटले. कोणी म्हणे, त्या ते शेकायच्या रबरी पिशवीत भरून, पोटाला बांधून घरी नेतात. पुरावा काय, तर त्यांच्या घराचं दार. ते इतकं चमकतं की समोरची सून जाता-येता त्यात बघून केस सारखे करते.

यातलं दारापुरतं खरं. पण दार चमकतं ते मावशींच्या यजमानांच्या निवृत्तीमुळे. त्या बिचाऱ्यांना दुसरं काम उरलेलं नाही. सकाळचा चहा झाला की जुना बनियन तेलात बुडवून दार घासत बसतात. रबरी पिशवीही घरात आहे, पण तिला भोक आहे. आणि मुळात व्हार्निश कमी आहे हे जगाला सांगितलं कोणी? मावशींनीच.

फर्निचरच्या कारखान्यात बावीस वर्षं कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि बावीस वर्षं त्यांनी कोणावर म्हणून विश्वास ठेवला नव्हता. सुतार सरस मागायला आला तर आधी कालचं भांडं रिकामं दाखव म्हणायच्या. कुलूप लावलं की तीनदा ओढायच्या आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा. नवा माल आला की डब्यावरचं लेबल वाचून सही ठोकायची, ही बाकीच्यांची रीत. मावशी मात्र प्रत्येक डबा आधीच्या कोठीवाल्याकडून आलेल्या एक गॅलनच्या पितळी मापाने ओतून मोजायच्या. "लेबल छापायला काय लागतं?" असं त्यांचं म्हणणं.

त्या मंगळवारी नव्या पुरवठादाराकडून परदेशी व्हार्निशचे सहा डबे आले. प्रत्येकावर ठसठशीत 'पाच गॅलन'. मावशींनी पहिला डबा ओतला. पितळी माप चारदा भरलं आणि पाचव्यांदा जेमतेम तळ झाकला गेला. दुसरा ओतला, तेच. तिसरा, चौथा, तेच. सील मात्र सगळ्यांचं जसंच्या तसं. मावशी तडक मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

मालक काही बोलायच्या आत मुकादम बोलला. त्याचा कोठीच्या किल्लीवर डोळा होता, हे भिंतींनाही माहीत होतं.

"सील शाबूत, माल कमी, आणि मधे फक्त तुम्ही. मी आपलं विचारतो हं मावशी, डबे उघडले तेव्हा सोबत कोण होतं?"

"माझा चष्मा होता," मावशी म्हणाल्या.

मालकांनी खालमानेने पेन चाळवलं. "शनिवारपर्यंत काय ते शोधा. नाहीतर किल्ली मुकादमांकडे द्यावी लागेल. लोक बोलतात हो."

लोक अजून बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी बोलले.

आता किल्ली गेली की मावशी घरी बसणार, म्हणजे दार घासायला दोघं होणार. पण खरं दुखणं ते नव्हतं. बावीस वर्षांत ज्या बाईने दुसऱ्याच्या डब्यात डोकावून पाहिलं, तिच्याच डब्यात आता सारी गल्ली डोकावत होती. त्यांनी मग सगळ्यांवर रीतसर संशय घेतला. टेम्पोच्या ड्रायव्हरचे हात हुंगले. तंबाखूचा वास आला. पितळी मापाला पोचा आलाय का, ते उन्हात धरून पाहिलं. रात्रीच्या जेवणाला यजमानांना म्हणाल्या, "तुमचा तो बनियन नक्की तेलातच बुडवता ना?" यजमानांचा घास हातातच राहिला.

गुरुवारी एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचली. चारही डब्यांत तूट अगदी सारखी होती. चोर इतका काटेकोर असेल तर तो चोरी कशाला करेल, कोठीच नाही का सांभाळणार? त्यांनी ब्रश ठेवायला वापरलेला जुन्या पुरवठादाराचा रिकामा डबा ओढून काढला आणि नव्याशेजारी ठेवला. दोन्हींवर पाच गॅलन. पण खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जुन्यावर पावणेतेवीस लिटर आणि नव्यावर एकोणीस लिटरला थोडं कमी.

"यातला एक छापखाना खोटारडा आहे," असं म्हणत त्या संध्याकाळी धाकट्या दिरांकडे गेल्या. दिरांनी जन्मभर जहाजांच्या इंजिनांत तेल ओतलं होतं.

"वहिनी, दोन्ही खरे आहेत."

"असं कसं, भावजी?"

"फार पूर्वी इंग्रजांचं माप एकाच घरातलं. समुद्रापलीकडे गेलेला धाकटा भांडून स्वतंत्र झाला, तो घरातलं जुनं माप घेऊन गेला. पुढे थोरल्याने आपल्याकडे नवं, मोठं माप केलं. नाव मात्र दोघांनी गॅलनच ठेवलं. थोरल्याचे पाच म्हणजे धाकट्याचे सहा. तुमचं पितळी माप थोरल्याचं, नवा माल धाकट्याचा. पाइंटचं तेच. टनही थोरल्याचाच जड. औंस मात्र धाकट्याचा जरा मोठा."

"म्हणजे दोघांनी संगनमताने केलंय," मावशी म्हणाल्या. "आणि हे तुम्हाला ठाऊक होतं तर बावीस वर्षांत बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी?" दीर म्हणाले.

शनिवारी त्यांनी सरकारी शिक्क्याचं एक लिटरचं माप आणलं आणि न उघडलेला डबा मालकांसमोर मुकादमाच्याच हाताने फोडवला. ओतायलाही त्यालाच लावलं. "तुम्हीच मोजा, म्हणजे मधे मी नको." मुकादम मोठ्याने मोजत होता. अठरा झाले, एकोणिसावं माप गळ्याशी येऊन थांबलं. मावशींनी लेबलवरची मुंगी बोटाने दाखवली. जुना डबा शेजारी होताच.

मुकादम हात पुसत ब्रशांच्या दिशेने निघून गेला. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"किल्ली तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "इतकी वर्षं ओळखतो, तरी मनात शंका आली. वाईट वाटून घेऊ नका, मावशी."

"छे हो साहेब," मावशी म्हणाल्या, "वाईट कशाचं, गुरुवारपर्यंत मीही तुमच्यावरच संशय घेत होते."